‘प्रश्न’ म्हणून जगणाऱ्यांची कैफियत

११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेतील मुसलमानांविषयी जे लेखन झाले, त्यात जनमत चाचण्यांच्या टक्केवारीचा भरणा फार आहे. किती लोकांना मुसलमान नापसंत आहेत हे त्यातून कळते; ती नापसंती शाळेत, कचेरीत, नोकरीच्या अर्जात कशी उतरते ते कळत नाही. ब्रुकलिन कॉलेजातील इंग्रजीचे प्राध्यापक मुस्तफा बायूमी यांचा ‘हाऊ डज इट फील टू बी अ प्रॉब्लेम?’ (२००८) हा ग्रंथ ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढतो. ब्रुकलिनमधील सात अरब तरुण-तरुणींच्या कहाण्या त्यात आहेत.

शीर्षकाचा उगम डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांच्या १९०३ च्या ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’मध्ये आहे. तेथे प्रश्न कृष्णवर्णीयांना होता. (उर्दूत येथे ‘सवाल’ आणि ‘मसला’ असे दोन शब्द वापरावे लागतील, मराठीतील एकटा ‘प्रश्न’ दोन्ही अर्थ पेलतो.)

सर्वांत उद्बोधक कहाणी एका शाळकरी मुलीची आहे. ती विद्यार्थी मंडळावर निवडून आली. परंतु शाळेच्या नृत्यसमारंभांना हजर राहणे तिच्या श्रद्धेत बसेना, म्हणून तिला पद सोडावे लागले. येथे भेदभाव घडतो तो द्वेषाच्या भाषेतून नव्हे, तर सर्वांना सारख्याच लागू असलेल्या नियमातून. मुलगी कायदा वाचते, वकिलाची मदत मिळवते, शाळेला माघार घ्यायला लावते आणि पुढे अध्यक्षपदी निवडून येते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१५ मध्ये, हिजाबमुळे कपड्यांच्या दुकानात नोकरी नाकारलेल्या तरुणीच्या खटल्यात, नोकरी देणाऱ्याने धर्माबाबत केवळ तटस्थ राहणे पुरेसे नाही असे आठ विरुद्ध एक मताने ठरवले.

मात्र समोर शासनच असले की चित्र पालटते. ग्रंथातील सिरियात जन्मलेल्या मुलीचे सारे कुटुंब २००२ मध्ये तुरुंगात जाते. त्याच वर्षी सुरू झालेल्या विशेष नोंदणीत २५ देशांच्या पुरुषांना हजेरी लावावी लागली. त्यांपैकी २४ देश मुस्लिमबहुल होते. देशांतर्गत ऐंशी हजारांहून अधिक लोकांची नोंद झाली, तरी दहशतवादाचा एकही गुन्हा त्यातून शाबीत झाला नाही. पुढे जानेवारी २०१७ मध्ये सात मुस्लिमबहुल देशांतील नागरिकांवर प्रवेशबंदी आली. तिचा तिसरा, सुधारित मसुदा त्याच न्यायालयाने २०१८ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी वैध ठरवला, आणि त्यासाठी मसुद्याची भाषा धर्माबाबत तटस्थ असल्याचा आधार घेतला. म्हणजे दुकानदाराची तटस्थता अपुरी, राष्ट्राध्यक्षांची पुरेशी! बायूमींनी हे निकाल लागण्यापूर्वी लिहिले. पण ही विसंगती त्यांच्या पानांत आधीच दिसते.

सातांपैकी एक जण ख्रिस्ती अरब आहे आणि अमेरिकन मरीन दलातून इराकमध्ये गेलेला आहे. संशय धर्म विचारून येत नाही, हे त्याच्या निवडीमुळे आपोआप स्पष्ट होते. ही लेखकाची मार्मिक दृष्टी होय.

मोठी उणीव वेगळीच आहे. शीर्षक कृष्णवर्णीय विचारवंताचे, परंतु सातांत एकही कृष्णवर्णीय मुसलमान नाही. उपशीर्षक अरबांपुरतेच आहे, हे खरे. तरीही डु बॉइस यांचे ऋण घेतल्यावर ही गैरहजेरी खटकते. अमेरिकेत इस्लामच्या नावाने न्यायालयाची पायरी प्रथम चढले ते बहुतांशी हेच लोक. धर्माचे कारण देऊन सैन्यभरती नाकारणाऱ्या मुहम्मद अली यांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच रद्द केली होती.