पायांखालची फौज, डोक्यावरची फौज

जोनाथन स्विफ्टचे ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ लंडनमध्ये १७२६ साली प्रसिद्ध झाले. आपल्याकडे ते बहुतेकांच्या हाती लहानपणीच पडते, तेही संक्षिप्त रूपात. त्या काटछाटीत बुटके राहतात, महाकाय माणसे राहतात, पण त्यांच्या फौजा गळून पडतात. मला मात्र या कादंबरीचा गाभा त्या दोन फौजांच्या मधल्या जागेत सापडतो.

बुटक्यांच्या देशाचा, लिलिपुटचा सम्राट कथानायक गलिव्हरला पाय फाकवून उभे राहायला सांगतो आणि त्या कमानीखालून सैन्याचे संचलन काढतो. तीन हजार पायदळ, एक हजार घोडेस्वार. पायदळाच्या रांगा चोवीस-चोवीसच्या, घोडदळाच्या सोळा-सोळाच्या. ढोल वाजताहेत, निशाणे फडकताहेत, भाले रोखलेले आहेत. हजेरीपटावरून उतरवून घ्यावेत तसे हे आकडे स्विफ्ट देतो, आणि माणसांची उंची सहा इंच असल्याचे आपण विसरूनच जातो. सम्राटाने सक्त ताकीद दिलेली असते, की गलिव्हरच्या बाबतीत कुणी मर्यादा सोडली तर देहदंड. तरीही काही तरुण अधिकारी जाता जाता मान वर करून बघतातच. गलिव्हरच्या विजारीची तोवर पार लक्तरे झालेली असतात. ते हसतात आणि थक्कही होतात. शिस्तीत चाललेल्या रांगांमधून वर वळलेल्या त्या चार माना मला फार आवडतात. हुकूम कितीही कडक असला तरी गणवेशाच्या आत माणूस शिल्लक आहे, हे स्विफ्ट एका वाक्यात दाखवतो.

भाल्यांकडेही नीट पाहायला हवे. गलिव्हर १६९९ साली ब्रिस्टलहून निघतो. त्यानंतर थोड्याच वर्षांत इंग्लंडच्या पायदळातून लांब भाला गेला आणि संगीन लावलेली बंदूक हेच सैनिकाचे हत्यार झाले. म्हणजे पुस्तक आले तेव्हाच्या वाचकाला लिलिपुटची ही फौज जुन्या वळणाची वाटली असणार. बंदुकीची दारू तर या देशाला ठाऊकच नाही. गलिव्हरच्या खिशांची झडती घेणारे अधिकारी पिस्तुलाचे वर्णन लाकडाला जोडलेला पोकळ लोखंडी खांब असे करतात आणि दारूची नोंद काळ्या दाण्यांचा ढीग अशी. गलिव्हर गोळी न घालता हवेत एकच बार काढतो. शेकडो माणसे मेल्यासारखी कोसळतात. सम्राट उभा राहतो खरा, पण त्यालाही सावरायला वेळ लागतो.

पुढे गलिव्हर शत्रुराष्ट्र ब्लेफुस्क्यूचे आरमार दोऱ्यांनी ओढून आणतो. सम्राटाची हाव वाढते. त्याला आता तो सारा देशच आपला सुभा करून हवा असतो. गलिव्हर साफ नकार देतो. एका स्वतंत्र, शूर लोकसमूहाला गुलाम करण्याचे साधन मी होणार नाही, अशी त्याची भूमिका असते. हा नकार लक्षात ठेवूनच दुसऱ्या भागाकडे यावे.

या वेळी तो १७०२ साली, आपल्या सुरतेकडे निघालेल्या जहाजावर असतो आणि वाट चुकून महाकाय माणसांच्या ब्रॉबडिंगनॅगला पोचतो. आता तोच बुटका. राजा त्याला तळहातावर घेऊन युरोपबद्दल प्रश्न विचारतो. स्वतंत्र लोकांच्या देशात, तेही शांततेच्या काळात, पगारी खडी फौज कशाला, हे राजाला काही केल्या समजत नाही. हा प्रश्न हवेतून आलेला नाही. १६९७च्या रिस्विकच्या तहानंतर तिसऱ्या विल्यमची फौज ठेवावी की मोडावी, यावरून इंग्लंडमध्ये असाच वाद पेटला होता. लढाया लांबवणाऱ्यांविरुद्ध स्विफ्टने स्वतः १७११ साली पत्रक लिहिले होते.

राजाची मर्जी संपादन करण्यासाठी गलिव्हर त्याला दारू बनवायची कृती देऊ करतो. तोफेचा एक बार रांगांच्या रांगा कसा भुईसपाट करतो, साखळीने जोडलेले गोळे शेकडो माणसे मधोमध कशी कापतात, हे तो उत्साहाने सांगतो. वर असेही सुचवतो, की राजधानीने हुकूम मोडलाच तर अशा वीस-तीस तोफा तिचा निकाल लावतील. लिलिपुटमध्ये परक्यांना गुलाम करायला नकार देणारा हाच माणूस इथे राजाला त्याच्याच प्रजेवर तोफा रोखायला शिकवतो आहे! स्विफ्ट या विसंगतीवर बोट ठेवत नाही. दोन भाग शेजारी ठेवतो आणि सरकतो. उंच असताना गलिव्हरला न्याय परवडत होता. ठेंगणा झाल्यावर त्याला मर्जी हवी आहे. माणसाच्या नीतीचे इतके निर्दय मोजमाप मी दुसऱ्या कुठल्या प्रवासकथेत वाचलेले नाही.

राजा हादरतो. अर्धे राज्य गेले तरी चालेल, पण हे गुपित नको, असे तो म्हणतो, आणि जीव प्यारा असेल तर हा विषय पुन्हा काढू नकोस, अशी तंबी देतो. गलिव्हरला यात राजाची संकुचित दृष्टी दिसते.

आणि त्यानंतर, त्याच प्रकरणात, स्विफ्ट या राजाची फौज दाखवतो. क्रम महत्त्वाचा आहे: आधी नकार, मग सामर्थ्य. एक लाख शहात्तर हजार पायदळ, बत्तीस हजार घोडदळ. यांना पगार नाही. शेतकरी आपापल्या जमीनदाराच्या हाताखाली कवायत करतात, शहरवासी आपल्या शहरातल्या निवडून दिलेल्या प्रमुखांच्या. घोड्यासह एकेका स्वाराची उंची नव्वद फूट. हुकूम होताच सगळे स्वार एकदम तलवारी उपसतात, आणि चहूबाजूंनी विजा कडाडल्याचा भास होतो. लिलिपुटचे संचलन आपण गलिव्हरबरोबर वरून पाहिले. इथे मान दुखेस्तोवर वर बघावे लागते.

ज्या देशात बाहेरून कुणी येऊच शकत नाही, तिथे फौज मुळात कशाला? ही शंका गलिव्हरलाही येते, आणि तिचे उत्तर देताना स्विफ्ट आपल्या आवडत्या राजालाही सूट देत नाही. सरदारांना सत्ता हवी होती, लोकांना स्वातंत्र्य, राजांना निरंकुश अधिकार. त्यातून या देशात पुन्हा पुन्हा यादवी झाली. शेवटची यादवी या राजाच्या आजोबाने सर्वांच्या समझोत्याने मिटवली, आणि तेव्हाच सगळ्यांच्या संमतीने ही फौज कायम झाली.