‘माय पीपल’ : एका किनारी मुलुखाची कैफियत

एखाद्या मुलुखाचा स्वभाव कोण सांगतो आणि कोणत्या भाषेत सांगतो, यावर त्याची कीर्ती-अपकीर्ती पुष्कळ अंशी अवलंबून असते. वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील केरेडिग्यॉन, म्हणजे पूर्वीचे कार्डिगनशायर, या काउंटीबाबत कॅराडॉक इव्हान्स यांच्या ‘माय पीपल’ (१९१५) या कथासंग्रहाने हेच घडवले.

पश्चिमेस कार्डिगनचा उपसागर, पूर्वेस ७५२ मीटर उंचीचे पुम्लुमॉन आणि मधल्या पावसाळी चढउतारांवर लहान लहान शेते, अशी ही भूमी. शेते कसणारी बहुतेक कुळेच. १८६८ च्या निवडणुकीत जमीनदाराच्या मर्जीविरुद्ध मत दिले म्हणून त्यांतील काहींना जमिनीवरून हुसकावण्यात आले. गुप्त मतदानाचा कायदा १८७२ मध्ये झाला. ‘कार्डी’ माणूस कंजूष, ही वेल्समधील जुनी थट्टा. ही पार्श्वभूमी ध्यानी घेतली, तर त्या कंजूषपणाला जगण्याची शिस्त म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

इव्हान्स यांचे सामर्थ्य नाकारता येत नाही. ‘बी धिस हर मेमोरियल’ या कथेतील वृद्ध नॅनी धर्मोपदेशकास बायबल भेट देता यावे म्हणून पैसा पैसा साठवते आणि स्वतः उंदीर भाजून खाते. भाबड्या भक्तीची किंमत इतक्या थोड्या शब्दांत क्वचितच कोणी मांडली असेल. मात्र या कथांत चॅपलचे पुढारी आणि लोभी शेतकरी ठसठशीत दिसतात, जमीनदार जवळजवळ दिसतच नाही. आरोपपत्रातून एक मोठा आरोपी असा निसटतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ही माणसे बोलतात वेल्श. लेखक त्यांचे बोलणे इंग्रजीत शब्दशः, कधी मुद्दाम वाकवून, उतरवतो. त्यांचा ईश्वर ‘बिग मॅन’ होतो. घरच्या भाषेत सहज, गंभीर असणारे बोल परभाषेत रानटी वाटू लागतात. वेल्समध्ये संताप उसळला, तो केवळ दोषदर्शनामुळे नव्हे. भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ही वेदना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

याच काउंटीतील अॅबरिस्टविथ येथे १८७२ मध्ये विद्यापीठ-महाविद्यालय सुरू झाले. वेल्सचे राष्ट्रीय ग्रंथालयही तेथेच आहे. तरीही २०२१ च्या जनगणनेत वेल्श बोलणारे ४५.३ टक्केच उरले. २०११ मध्ये ते ४७.३ टक्के होते. ‘माय पीपल’ अवश्य वाचावे; परंतु ती एका बाजूची साक्ष आहे, निवाडा नव्हे, एवढे भान ठेवून.