इंजिन थांबले, म्हणून यान पडेल का?

'स्टार ट्रेक' ही अमेरिकन मालिका दूरदर्शनवर ऐंशीच्या दशकात दाखवली जात असे. आज शिकवणाऱ्या अनेकांनी ती लहानपणी पाहिली असेल. तिच्या 'कोर्ट मार्शल' (१९६७) या भागात एंटरप्राइज यान एका ग्रहाभोवती फिरत असताना इंजिने बंद केली जातात आणि थोड्याच वेळात यान खाली घसरू लागते. शेवटची सारी घाई या घसरण्यावर उभी आहे. प्रसंग रंगतो, पण आमचा आक्षेप नेमका इथेच आहे.

कक्षेतले यान सतत पडतच असते. त्याचा आडवा वेग मात्र इतका असतो की ते जेवढे पडते, तेवढाच ग्रहाचा गोल पृष्ठभागही खाली वळतो. पृथ्वीपासून ४०० कि.मी. उंचीवर हा वेग सेकंदाला सुमारे ७.७ कि.मी. असतो. तो एकदा मिळाला की इंजिन चालू ठेवावे लागत नाही.

यावर कोणी म्हणेल, तिथे विरळ हवा असते, तिचे घर्षण होतेच. खरे आहे. १९७९ साली 'स्कायलॅब डोक्यावर पडणार' म्हणून आपल्याकडेही धास्ती होती. पण त्यातील शेवटचे अंतराळवीर १९७४ च्या फेब्रुवारीत परतले होते! म्हणजे घसरायला पाच वर्षे लागली. मालिकेत तेच काम जाहिरातींच्या दोन विश्रांतींमध्ये उरकते.

एवढ्या तपशिलावर अडून का बसावे? कारण हीच चूक आपल्या उत्तरपत्रिकांत असते. बैल थांबले की बंडी थांबते, हे मुलांनी रोज पाहिलेले असते. बंडी थांबवते ते घर्षण, हे मात्र दिसत नाही. मग 'बल संपले की गती संपते' असे उत्तर येते आणि पडद्यावरचे यान त्याला दुजोरा देते.

दिग्रसमध्ये यावर उतारा घरांच्या छपरांवरच आहे. डीडी फ्री डिशच्या छत्र्या आग्नेयेकडे वळवलेल्या असतात. त्या दिशेला, क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर, जीसॅट-१५ हा उपग्रह आहे. विषुववृत्तावर ३५,७८६ कि.मी. उंचीवरून तो पृथ्वीबरोबर फिरतो. जागा किंचित सरकली तर ती सुधारण्यापुरती त्याची छोटी इंजिने अधूनमधून चालतात. मुलांना छत्रीजवळ उभे करून विचारावे: एरवी ती बंद असतात, मग उपग्रह पडत का नाही? उत्तर लगेच सांगू नये. 'तिथे गुरुत्वाकर्षण नसते' असे कोणीतरी म्हणेलच, आणि खरा तास तिथून सुरू होतो.