श्रीकांतच्या डायरीत काय नव्हतं?

पुण्यातल्या पंडितांच्या घरी टपालाने एक पाकीट येतं. नाव अदितीचं, पण फोडतो तिचा नवरा श्रीकांत. आत मृत्युपत्र. पंचवीस वर्षांपूर्वी तिला गाणं शिकवणाऱ्या मल्हार कामतने आपलं सगळं तिच्या नावावर केलंय. श्रीकांत आधी बायकोला विचारत नाही. जुन्या डायऱ्या काढतो, तारखा जुळवतो. त्या काळात आपण कामानिमित्त बाहेरगावी होतो, म्हणजे मुलगा आपला नाही. हिशोब पक्का.

महेश मांजरेकरांचा ‘अस्तित्व’ २००० साली मराठी आणि हिंदीत आला आणि सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. त्यावरची चर्चा बहुतेकदा एकाच प्रश्नापाशी अडते: अदिती चुकली का? माझ्या मते हा चित्रपट व्यभिचारापेक्षा न ऐकण्याबद्दल जास्त आहे.

एखाद्याचा पाय घसरला की आपण लगेच त्याचा स्वभाव शोधायला लागतो. मानसशास्त्रही तिकडे वळलंय. डेव्हिड बस आणि टॉड शॅकलफर्ड यांनी १९९७ साली लग्नाच्या पहिल्या वर्षातल्या जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आत्मप्रेम जास्त आणि शिस्त, जबाबदारीची जाणीव कमी, अशांचा कल बेइमानीकडे जास्त दिसला. आता ही फूटपट्टी पंडितांच्या घरी लावून बघा. रोजच्या नोंदी जपणारा, धंदा वाढवणारा श्रीकांत शिस्तीत पहिला येईल. अदितीही काही बेजबाबदार नाही. मग या लग्नात बिघडलं कुठे?

उत्तर एका प्रसंगात आहे. दिवस गेल्याचं कळल्यावर अदिती नवऱ्याला खरं सांगायला जाते. तो बाप होण्याच्या आनंदात इतका बुडालेला असतो की तिचं वाक्य पुरंच होत नाही. त्याआधी नोकरी करू का असं तिने विचारलं होतं, तेही त्याने उडवून लावलं होतं. हाच माणूस पंचवीस वर्षांनी विचारतो, माझ्यापासून लपवलंस का? तो कोणत्या दिवशी कुठे होता हे डायरीत आहे. ती काय मागत होती, याची नोंद नाही. शेजारी झोपणं म्हणजे जवळीक असं धरून चालणाऱ्या नात्याचं हे नेमकं चित्र आहे.

इथे महेश भट्ट यांचा ‘अर्थ’ (१९८२) आठवतो. दुसऱ्या बाईकडे गेलेला नवरा परत येतो, तेव्हा पूजा त्याला विचारते की मी असं वागले असते तर मला घेतलं असतंस का? तो नाही म्हणतो. ‘अर्थ’मध्ये हा प्रश्न फक्त ‘जर-तर’चा होता. अठरा वर्षांनी ‘अस्तित्व’ने ते ‘जर’ खरंच घडवून दाखवलं. बाईसाठी चारित्र्य आणि पुरुषासाठी स्वभाव, हे आपलं दुहेरी माप तिथे उघडं पडतं.

तरी चित्रपट स्वतःच्या धाडसाला थोडा घाबरतो. मल्हार माणूस म्हणून उभाच राहत नाही. सूर आणि एकटेपणा यांतून आलेलं निमित्त एवढंच त्याचं काम. अदितीची इच्छा आपल्याला पटावी म्हणून तिच्या वाट्याला भरपूर एकटेपणा दिलाय. नवरा प्रेमळ असता, घरी असता, तर आपण तिच्या बाजूने उभे राहिलो असतो का? हा अवघड प्रश्न मांजरेकर टाळतात. शेवटचं तिचं बोलणंही कधीकधी भाषण होतं.

ते सावरते तब्बू. शब्द मोठे होतात तिथेही तिचा आवाज चढत नाही. माफी मागणाऱ्या बाईचा सूर तिच्यात नाही, सूड घेणारीचाही नाही. इतकी वर्षं अर्ध्यात तुटलेलं बोलणं ती आज पूर्ण करतेय, एवढंच. आणि ते झाल्यावर ती घर सोडते.

आज डायरीची जागा फोनने घेतलीय. पासवर्ड, लास्ट सीन, लोकेशन. जोडीदार कुठे आहे हे आपल्याला श्रीकांतपेक्षा कितीतरी अचूक कळतं. पण परवा जेवताना ती किंवा तो काहीतरी सांगायला लागला होता, ते वाक्य पुरं झालं होतं का?