दाब, चाप आणि गेज : ‘प्रतिबंधित शस्त्रा’ची व्याख्या आपण कशी वाचावी?

(भोसरी येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

समोर बसलेल्यांत निम्मे तरी लोक शिफ्ट संपवून थेट आलेत, हे आम्हाला दिसतंय. त्यामुळे सुरुवात तुमच्याच वस्तूनं करू. गो आणि नो-गो गेज. भोसरीपासून चाकणपर्यंत असा टूलरूम नसेल जिथं हे गेज नाही. गो बाजू भोकात गेली पाहिजे, नो-गो अडली पाहिजे. दोन्ही झालं की जॉब पास. गेज झिजलं असेल तर? चांगला माल रिजेक्ट होतो आणि वाईट माल पास होतो. दोष मालाचा नसतो, गेजचा असतो.

कायद्यातली व्याख्या हे असंच गेज आहे. आज एकच गेज तपासायचंय. शस्त्र अधिनियम, १९५९ मधली ‘प्रतिबंधित शस्त्रा’ची व्याख्या, कलम २ (१) (झ), इंग्रजी प्रतीत (आय). आमचं म्हणणं आधीच सांगतो. हे गेज झिजलेलं आहे. ज्यांच्याकडून आपण ते घेतलं त्यांनी ते कधीच बदललं. आपण मात्र गेज तेच ठेवून फक्त रिजेक्शनचा दंड वाढवत आलोय.

आधी बातमीपासून येऊ. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवडचं स्वतंत्र पोलीस आयुक्तालय झालं. चाकण, आळंदी, तळेगाव, देहूरोड त्यात आले. त्यांच्या कारवाईच्या बातम्या तुम्ही वाचताच. ‘ऑटोमॅटिक पिस्तूल जप्त’. आता हे ऑटोमॅटिक म्हणजे काय? बहुतेक वेळा ते सेमी-ऑटोमॅटिक असतं. एकदा चाप ओढला की एक गोळी. पुढची गोळी नळीत आपोआप येते, पण सुटण्यासाठी चाप पुन्हा ओढावाच लागतो. बातमीदाराला हा फरक किरकोळ वाटतो. कोर्टात तो वर्षांचा फरक असतो. विनापरवाना साधं अग्निशस्त्र बाळगलं, ज्याला पोलीस ‘तीन-पंचवीस’ म्हणतात, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा २ ते ५ वर्षं. तेच शस्त्र ‘प्रतिबंधित’ ठरलं तर ७ ते १४. म्हणजे एका वाक्याच्या अर्थावर माणसाची पाच वर्षं, दहा वर्षं अवलंबून आहेत.

संजय दत्तचा खटला सगळ्यांना आठवतो. एके-५६ रायफल, म्हणजे निर्विवाद प्रतिबंधित. टाडा कोर्टानं ६ वर्षं दिली, सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१३ मध्ये ती त्या वेळच्या किमान शिक्षेवर, ५ वर्षांवर आणली. इथून जवळच, येरवड्यात ती भोगून झाली. आज त्याच कलमाची किमान शिक्षा ७ आहे.

आता गेज हातात घेऊ. व्याख्या आमच्या शब्दांत अशी : चापावर दाब दिला असता, तो दाब काढेपर्यंत किंवा मॅगझिन रिकामं होईपर्यंत गोळ्या सुटतच राहतील, अशा रीतीनं घडवलेलं किंवा फेरबदल केलेलं अग्निशस्त्र. पुढे विषारी वायू वगैरे सोडणारी हत्यारं, तोफा, विमानविरोधी आणि रणगाडाविरोधी शस्त्रं येतात. आणि केंद्र सरकार अधिसूचनेनं ठरवेल ती इतर शस्त्रं. बोअरवरून लागणारी बंधनं वेगळी आहेत, ती आज बाजूला ठेवतो.

एकेक जॉब लावून बघू.

पहिला जॉब, एके-५६, ऑटोमॅटिकवर ठेवलेली. दाब धरला, गोळ्या चालू. दाब सोडला, बंद. गेज बरोबर बसलं.

दुसरा जॉब, सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल. दाब धरून ठेवला तरी एकच गोळी. या वाक्याखाली येत नाही. तेही बरोबर.

तिसरा जॉब आपल्या पुण्याचा. पाषाणच्या एआरडीईत आरेखन झालेली इन्सास रायफल. १९९० च्या दशकात ती लष्करात आली. तिच्यात एकेक गोळीचा पर्याय होता आणि तीन गोळ्यांच्या बर्स्टचा. चाप दाबला की तीन गोळ्या, मग थांबते. बोट दाबलेलंच आहे. मॅगझिनमध्ये गोळ्या शिल्लक आहेत. तरी थांबली. आता व्याख्या वाचा. ‘दाब काढेपर्यंत किंवा मॅगझिन रिकामं होईपर्यंत’. इथं दोन्हीपैकी काहीच झालेलं नाही. अक्षरशः वाचलं तर बर्स्टवर चालणारं शस्त्र या वाक्यात बसत नाही! सरकारी शस्त्राला हा कायदा लागू नाही, त्यामुळे इन्सासचा प्रश्न कोर्टात येणार नाही. पण उद्या कुणी फक्त बर्स्ट मारणारं शस्त्र घेऊन पकडला गेला, तर त्याच्या वकिलाला पहिला मुद्दा आयताच मिळतो.

चौथा जॉब, चापाची जोडणी. अमेरिकेत बंप स्टॉक नावाचा दस्ता निघाला. बोट एका जागी स्थिर राहतं. गोळीच्या धक्क्यानं बंदूक मागे सरकते, दुसऱ्या हातानं ती पुढे ढकललेली असते, त्यामुळे चाप पुन्हा पुन्हा येऊन बोटावर आदळतो. १ ऑक्टोबर २०१७ ला लास व्हेगासच्या हत्याकांडात अशी उपकरणं वापरली गेली. आपल्या गेजवर? प्रत्येक गोळीनंतर चापावरचा दाब क्षणभर सुटतो. म्हणजे काटेकोर वाचलं तर हाही जॉब निसटतो.

पाचवा, फोर्स्ड रिसेट ट्रिगर. यात बंदुकीची यंत्रणाच चापाला जोरानं मूळ जागी ढकलते आणि बोटाचा दाब चालू असल्यामुळे तो लगेच पुन्हा ओढला जातो. इथं गंमत होते. बोटाचा दाब अखंड आहे, म्हणून आपल्या जुन्या व्याख्येत हा बसतो असं म्हणायला जागा आहे. अमेरिकेत मात्र नेमका हाच निसटला.

तो कसा, ते बघू. अमेरिकेच्या १९३४ च्या कायद्याचं गेज वेगळं आहे. चापाच्या ‘एका क्रियेत’ आपोआप एकाहून जास्त गोळ्या सुटल्या तर ती मशिनगन. बर्स्ट यात अलगद पकडला जातो. पण १४ जून २०२४ ला गार्लंड विरुद्ध कारगिल खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ६ विरुद्ध ३ असा निकाल दिला की बंप स्टॉक लावलेली रायफल मशिनगन नव्हे. कारण प्रत्येक गोळीला चापाची क्रिया नव्यानं होते. न्या. थॉमस यांनी निकालात चापाच्या आतली यंत्रणा चित्रांसह समजावून सांगितली. न्या. सोटोमायर यांची असहमती अशी की क्रिया म्हणजे बंदूक चालवणाऱ्याची क्रिया, आतल्या लोखंडाची नव्हे. आम्ही दोन्ही वाचलं आणि आमचं मत असं की भांडण यंत्राचं नव्हतंच. ‘क्रिया’ कुणाची, बोटाची की चापाची, हे १९३४ च्या वाक्यानं सांगितलंच नव्हतं. त्याच आधारावर पुढे टेक्सासच्या एका फेडरल न्यायालयानं फोर्स्ड रिसेट ट्रिगरही मशिनगन नाही असं ठरवलं.

अमेरिकेत राज्यांनी स्वतःचे कायदे केले. फ्लोरिडानं २०१८ मध्ये पार्कलंडच्या शाळेतल्या गोळीबारानंतर असं उपकरण बंद केलं, ज्यानं माणूस विनासाहाय्य जितक्या वेगानं गोळ्या झाडू शकतो त्याहून वेग वाढतो. ऐकायला छान. पण क्वालिटीवाल्यांनो, सांगा, या ड्रॉइंगवर माप कुठंय? कुठला माणूस? पंचविशीतला की साठीतला? मिनिटाला किती गोळ्या? नेमबाजीच्या खेळात बघा. १० मीटर एअर पिस्तुलात चापावर किमान ५०० ग्रॅम भार हवा, असा नियम आहे आणि तो वजन टांगून तपासतात. वाद मिटतो. फ्लोरिडाचं गेज मापाशिवाय आहे, म्हणून ते पंचाच्या मर्जीवर चालतं. आणि त्यात बालेवाडीसारख्या रेंजवर सराव करणारी, चाप हलका करून घेणारी खेळाडू पोरगीही विनाकारण भरडली जाऊ शकते.

आपल्याकडे राज्यानं असं काही करायचा प्रश्नच येत नाही. शस्त्रं, दारूगोळा हा केंद्र सूचीतला विषय, ५ वी नोंद. महाराष्ट्र विधानसभा ही व्याख्या बदलू शकत नाही. आयुक्तालयानं फक्त ती लावायची.

मग दुरुस्त गेज कुठं आहे? तर ज्या दुकानातून आपण हे आणलं तिथंच. १९५९ चं आपलं वाक्य ब्रिटिश कायद्यातल्या त्या काळच्या वाक्याशी जवळजवळ शब्दाला शब्द जुळतं. ब्रिटननं १९८७ च्या हंगरफर्ड हत्याकांडानंतर, १९८८ मध्ये ते बदललं. नवीन कसोटी अशी की चाप पुन्हा न दाबता लागोपाठ दोन किंवा अधिक गोळ्या सुटतात का? एवढंच. बर्स्ट त्यात आला. मग २०१९ मध्ये त्यांनी बंप स्टॉक वेगळा लिहिला. धक्क्याचा वापर करून चापावर पुन्हा पुन्हा दाब आणणारं आणि त्यानं वेग वाढवणारं जोडउपकरण. यंत्रणा सांगितली, परिणाम सांगितला. याला म्हणतात ड्रॉइंग.

आता आपल्या तारखा बघा. १९८८ मध्ये आपणही शस्त्र कायदा दुरुस्त केला. व्याख्या तशीच ठेवली आणि कलम २७ (३) घातलं. प्रतिबंधित शस्त्र वापरून कुणाचा जीव गेला तर फाशीच, न्यायाधीशाला दुसरा पर्याय नाही. २०१२ मध्ये दलबीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ते घटनाबाह्य ठरवलं. म्हणजे २४ वर्षं या झिजलेल्या गेजवर माणसाचा गळा टांगलेला होता. २०१९ च्या डिसेंबरात आपण पुन्हा दुरुस्ती केली. शिक्षा वाढल्या, परवान्यावरची शस्त्रं तीनवरून दोनवर आली. व्याख्या पुन्हा तशीच.

आता जोडणीकडे, कारण ती या पट्ट्याच्या दाराशी येते. आपल्या कायद्यात ‘अग्निशस्त्र’ या शब्दात दोन गोष्टी जोडल्यात. एक, आवाज किंवा झोत कमी करणारी उपकरणं. दोन, अग्निशस्त्रांचे भाग आणि ते बनवण्याची यंत्रं. वेग वाढवणारी जोडणी पहिल्या यादीत नाही. मग ती ‘भाग’ म्हणून धरायची. पण ‘भाग’ म्हणजे काय? अमेरिकन कायदा निदान विचारतो की हा तुकडा केवळ त्याच कामासाठी घडवलाय का. आपला कायदा नुसतं ‘भाग’ म्हणून थांबतो.

समजा, शेडमध्ये दोन सीएनसी असलेला एखादा जॉबवर्कवाला. कुणी नमुना आणतो, ‘असे पन्नास करून द्या’. छोटी पिन, छोटी कॅम. तिला नाव नाही, ड्रॉइंगवर असेंब्ली नाही. आपल्याकडे निम्मं जॉबवर्क असंच चालतं. ती पिन उद्या पिस्तुलात निघाली तर? विनापरवाना शस्त्रनिर्मितीची शिक्षा आज ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. बाळगण्याच्या बाबतीत न्यायालयांनी ‘जाणीवपूर्वक ताबा’ हवा असं म्हटलंय, गुणवंतलाल खटल्यात १९७२ मध्ये आणि पुढे १९९४ च्या संजय दत्त निकालात. हा मोठा आधार आहे. पण तो निकालात शोधावा लागतो, व्याख्येत दिसत नाही. आणि ज्याला सगळं ठाऊक होतं, तोही याच धुक्यामागे लपतो. सैल गेज दोघांनाही सारखंच वागवतं.

तुमच्यातले काही मनात म्हणत असतील, की साहेब, इथं मारामाऱ्या कोयत्यानं होतात आणि गावठी कट्ट्यानं होतात. बर्स्ट नि बंप स्टॉक कुठून काढलेत? प्रश्न रास्त आहे. कट्टे सीमेपलीकडच्या बडवानी जिल्ह्यातून येतात, हे पोलिसांच्या पत्रकांत वारंवार असतं. त्यांना आजची कलमं पुरतात. पण कोयत्याकडेच बघा. कायदा म्हणतो, केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी घडवलेली वस्तू शस्त्र नाही. ऊसतोडीचा कोयता आणि गाडीच्या डिकीतला कोयता एकाच भट्टीतून निघतात. घडण एक, वापर वेगळा. तिथं ‘कशासाठी घडवलं’ ही कसोटी अपुरी पडते, म्हणून पोलीस चार-पंचवीस आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचा जमावबंदीसारखा आदेश जोडून काम भागवतात. चापाच्या बाबतीत असं भागवून चालत नाही. तिथं सात वर्षांचा मजला एका वाक्यावर उभा आहे.

केंद्राला अधिसूचनेनं यादी वाढवता येते, मग अडचण काय, असंही विचारतील. यादीत नाव आलं की बाजारात नवीन नावाचं उपकरण येतं. शिवाय अधिसूचना काढणारा अधिकारी आणि कायदा करणारी संसद यांत फरक आहे. अमेरिकेत बंप स्टॉकची बंदी एका खात्याच्या नियमानंच आली होती, आणि न्यायालयात तीच टिकली नाही.

म्हणून आमची मागणी तीन ओळींची. एक, कसोटी अशी लिहा की बोटानं चाप पुन्हा न दाबता एकाहून अधिक गोळ्या सुटतात का, आणि बोटाचा की यंत्राचा दाब हे स्पष्ट करा. दोन, वेग वाढवणारी जोडणी आवाज-झोताच्या शेजारी स्वतंत्र लिहा, यंत्रणेसह. तीन, सुट्या भागासाठी ‘त्याच उद्देशानं आणि जाणून’ हे शब्द व्याख्येतच घाला.

प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतून एकानं विचारलं, ‘मग नमुना घेऊन कुणी आलं तर आम्ही काय करायचं?’ उत्तर साधं आहे. ड्रॉइंग मागा, पार्टचं नाव मागा, असेंब्ली विचारा, पीओशिवाय स्पिंडल फिरवू नका. कुणी नाव सांगायला कचरत असेल, तर तो जॉब तुमचा नाही. पण हे आम्ही तुम्हाला सांगावं लागतं, हीच तक्रार आहे. ते कायद्यानं सांगायला हवं होतं.