अंडी उकडून घ्यावीत

मी काही समीक्षक नाही. बी. कॉम. होऊन बँकेत काउंटरमागे बसलेला माणूस. माझं टीकालेखन आजवर 'सही जुळत नाही' या शेऱ्यापलीकडे गेलेलं नाही. तरीही आज मराठी वाङ्मयातल्या एका वाक्याची समीक्षा करायला बसलो आहे. वाक्य तीनच शब्दांचं आहे : 'अंडी उकडून घ्यावीत.'

हे वाक्य कुणा एका लेखिकेचं नाही. ते परंपरेनं चालत आलेलं आहे. पाककृतींचं कुठलंही जाडसं पुस्तक घ्या आणि त्यात अंडाकरी काढा. कांदा कसा चिरावा, कुठल्या रंगावर परतावा, खोबरं किती भाजावं, तेल कधी सुटतं, याला अर्धं पान. आणि जिच्या नावानं ही सगळी करी उभी आहे, त्या अंड्याला तीन शब्द! लग्नपत्रिकेत मामा, काका, आत्या, झाडून सगळ्यांची नावं छापावीत आणि नवरदेवाचं तेवढं विसरावं, त्यातलाच हा प्रकार.

गेल्या पावसाळ्यापर्यंत या वाक्यात मला काहीच खटकलं नव्हतं. कारण अंडी मला नेहमी सोललेलीच भेटत आली. मग आमच्या मुलीला टायफॉइड झाला. ताप उतरला, पण पोरगी काडीसारखी झाली. ताट पुढं आलं की तोंड फिरवायची. डॉक्टर म्हणाले, "रोज एक उकडलेलं अंडं द्या. पूर्ण शिजलेलं हवं, अर्धकच्चं नको." चार दिवस सौ.नं ते काम बिनबोभाट केलं. पाचव्या दिवशी मिरजेहून फोन आला. सासूबाई न्हाणीघरात घसरल्या होत्या. सौ. मिळेल त्या गाडीनं निघाली. जाताना म्हणाली, "अहो, फ्रिजवर चिठ्ठी लावलीय. वाचा नक्की."

मी चिठ्ठीची पहिली ओळ वाचली. 'दूध दीड लिटर सांगितलं आहे.' पुढंही असंच काहीतरी असणार असं समजून सोडून दिली. छापील पुस्तक घरात असताना हाताच्या अक्षरावर कोण विसंबतो?

पुस्तकानं सुरुवातीलाच बजावलं होतं, 'अंडी नेहमी ताजीच वापरावीत.' मी आज्ञाधारक वाचक. आमच्या मागच्या गल्लीत एकजण कोंबड्या पाळतो, त्याच्याकडून अंडं आणलं. इतकं ताजं की हाताला ऊब लागत होती. ते पातेल्यात ठेवलं आणि पुस्तकाकडं पाहिलं. 'उकडून घ्यावीत.' किती वेळ? पाणी गार घ्यायचं की उकळतं? मिनिटं केव्हापासून मोजायची? लेखिका तोवर कांद्याकडं निघून गेल्या होत्या. डॉक्टरांचं 'अर्धकच्चं नको' तेवढं डोक्यात होतं. म्हणून मी सुरक्षित बाजूला राहून पंचवीस मिनिटं उकळवलं.

सोलायला घेतलं तर टरफलाबरोबर पांढऱ्याचेही टवके निघू लागले. शेवटी हातात जे उरलं, त्यावर चंद्रावरच्यासारखे खड्डे होते. कापलं तर बलकाभोवती हिरवट-करडं कडं. मीठ-मिरपूड घालून बशी मुलीपुढं ठेवली. तिनं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "बाबा, हे अंडंपण आजारी होतं का?"

ते तिनं खाल्लं नाही. मलाही आग्रह करवेना.

त्या रात्री मी टीकाकार झालो. शोधून वाचलं तेव्हा कळलं, की दोष माझा होता तितकाच त्या विशेषणाचा होता. अगदी ताज्या अंड्याच्या पांढऱ्या भागात कर्बवायू जास्त असतो आणि आतला पापुद्रा त्याला घट्ट धरून बसतो. आठ-दहा दिवसांत तो वायू टरफलाच्या बारीक छिद्रांतून निघून जातो, पापुद्रा सैल होतो आणि अंडं सुखासुखी सोललं जातं. म्हणजे ऑम्लेटला 'ताजी' हा गुण आणि उकडायला तोच अवगुण! हिरवं कडं म्हणजे बलकातलं लोह आणि पांढऱ्यातलं गंधक यांची भेट. अंडं जास्त वेळ उकळलं की ती होते. विषारी नसतं ते. पण हे आजारी मुलीला कोण पटवणार?

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं असतं. 'त्यात सांगायचं काय? अंडं कुणालाही उकडता येतं!' इंग्लंडात १९९८ साली डेलिया स्मिथबाईंनी बीबीसीवरच्या मालिकेत अंडं कसं उकडावं हे शिकवलं, तेव्हा तिथल्या एका नामवंत आचाऱ्यानं 'हा लोकांच्या बुद्धीचा अपमान आहे' म्हणून टीका केली होती. माझं नम्र निवेदन असं, की असा अपमान माझा कुणीतरी वेळेवर करायला हवा होता. आपल्याकडं १९७० साली कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' आली आणि घरोघर पोचली. वाटी आणि चमचा ही मापं तिनं हातात दिली, हे तिच्या यशाचं एक मोठं कारण. समोरच्याला येत नसेल, हे धरून चालण्यात अपमान नसतो, माया असते. 'उकडून घ्यावीत' हे वाक्य ज्याला येतं त्याच्यासाठीच लिहिलेलं आहे. आणि ज्याला येतं, तो ते वाचतच नाही.

दूध तापवायला उठलो तेव्हा पुन्हा चिठ्ठी दिसली. या खेपेस पुरती वाचली.

'अंडं : फ्रिजमधलं, मागच्या आठवड्यातलं घ्या. नवीन आणू नका. अर्धा तास बाहेर ठेवा, नाहीतर तडकतं. पाण्याला उकळी आली की चमच्यानं अलगद सोडा. गॅस बारीक करा. दहा मिनिटं, घड्याळ बघून. पेपर वाचत बसू नका. लगेच गार पाण्यात. ते पाणी कोमट झालं की बदला. जाड बाजूनं सोला, तिथं पोकळी असते. चार फोडी करा, अख्खं दिलं की ती घाबरते. नाही खाल्लं तर ओरडू नका.'

समीक्षकाच्या भूमिकेतून सांगतो, या वाङ्मयप्रकारात इतकं निर्दोष लेखन माझ्या वाचनात नाही. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. 'पेपर वाचत बसू नका' या वाक्यात वाचकाची जी ओळख दिसते, ती भल्याभल्या लेखकांना साधत नाही. आणि सासूबाई पडल्याचा फोन आल्यावर, बॅग भरता भरता हे लिहिलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी तसंच केलं. टरफल एका तुकड्यात निघालं. मुलीनं चारांतल्या तीन फोडी खाल्ल्या. चौथी मला दिली.

सौ. परत आल्यावर तिनं विचारलं, "चिठ्ठी वाचली होतीत ना?"

"वाचली. उत्तम आहे."

"चिठ्ठीत कसलं आलंय उत्तम?"

यावर मी काही बोललो नाही. ती चिठ्ठी मी पुस्तकात अंडाकरीच्या पानावर डकवून टाकली आहे. बँकेत दुरुस्ती केली की तिच्याखाली सही करावी लागते. म्हणून खाली छोटीशी सहीसुद्धा केली आहे.