‘शक्य’ या शब्दाचे वजन

सशाला शिंग नसते. पण ते असण्यात तर्काची आडकाठी नाही. वंध्यापुत्राचे तसे नाही. तेथे दोन शब्दच एकमेकांना खोडून काढतात. आपल्या शास्त्रचर्चेत असत् वस्तूची उदाहरणे म्हणून शशशृंग आणि वंध्यापुत्र शेजारी शेजारी बसतात. पण ख्रिस्ती श्रद्धेविषयीचा विसाव्या शतकातला एक मोठा वाद या दोहोंतल्या फरकावरच उभा आहे.

१९५५ साली जे. एल. मॅकी यांनी ‘माइंड’ या नियतकालिकात युक्तिवाद केला, की ईश्वर सर्वशक्तिमान आहे, तो पूर्णपणे शुभ आहे आणि तरीही जगात दुरित आहे, ही तीन विधाने एकत्र नांदू शकत नाहीत. म्हणजे ख्रिस्ती ईश्वर थेट वंध्यापुत्राच्या रांगेत जाऊन बसला. १९७४ साली आल्विन प्लांटिंगा यांनी याला उत्तर दिले. माणसाला खरे स्वातंत्र्य द्यायचे, तर दुरित टाळणे ईश्वरालाही साधणार नाही, असे असू शकेल. ‘आहे’ असे त्यांना म्हणावे लागत नाही. ‘असू शकेल’ एवढे पुरते. विसंगतीचा आरोप खोडायला शक्यता पुरेशी असते.

अडचण पुढे येते. त्याच वर्षी प्लांटिंगांनी अकराव्या शतकातल्या आन्सेल्मच्या युक्तिवादाला नवे रूप दिले. परमश्रेष्ठ अस्तित्व एखाद्या शक्य जगात असेल, तर ते अनिवार्य असल्याने प्रत्येक शक्य जगात, म्हणून आपल्याही जगात असलेच पाहिजे. येथे ‘शक्य’ हा शब्द बचाव करत नाही. तो सगळा निष्कर्ष पोटात घेऊन येतो. असे अस्तित्व नसलेले एक जरी जग शक्य असेल, तर ते अस्तित्वच अशक्य ठरते. दोन्ही कल्पना मनात सहज येतात. दोन्ही शक्य मात्र असू शकत नाहीत.

कल्पनीयतेची मर्यादा गणितात स्पष्ट दिसते. दोनाहून मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते, हे १७४२ पासूनचे गोल्डबाखचे अनुमान अजून सिद्ध झालेले नाही, खोटेही ठरलेले नाही. ते खरे आहे असे कल्पिता येते, खोटे आहे असेही. तरी त्यातले एक अशक्यच आहे. विसंगती न दिसणे म्हणजे विसंगती नसणे नव्हे.

हा धडा दोन्ही पक्षांना आहे. ‘ईश्वराविना जग मी कल्पू शकतो’ म्हणणारा नास्तिकही याच उसन्या पैशावर व्यापार करतो. प्लांटिंगांनी प्रामाणिकपणे कबूल केले, की आपला युक्तिवाद निष्कर्ष सिद्ध करत नाही. तो स्वीकारणे अविवेकी नाही, एवढेच दाखवतो.

१९७९ साली विल्यम रो यांनी वणव्यात होरपळून अनेक दिवस तडफडत मरणाऱ्या हरणाच्या पाडसाचे उदाहरण पुढे ठेवले. त्यांनी विसंगतीचा आरोप केला नाही. हे सारे पाहून श्रद्धा कितपत संभवनीय वाटते, एवढेच विचारले. त्या प्रश्नाला ‘असू शकेल’ हे उत्तर पुरत नाही. तर्क श्रद्धेला आरोपातून सोडवू शकतो. तिच्या बाजूने साक्ष मात्र दुसऱ्या कोणी द्यावी लागते.